कोठार वेगळं, पंगत वेगळी

या महिन्यातल्या पत्रांपैकी निम्मी एकाच दुखण्याची आहेत: फाइल मोठी, ठेवायची कुठे? आधीच सांगते, मी संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवला. तो बंद केल्यापासून लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

ताई, माझे थोरले बंधू दशावतारी नाटकांचे वेडे होते. १९८४ ते २००३ या काळात जत्रांमधून रात्र रात्र जागून त्यांनी चारशे कॅसेटी भरल्या. ते गेल्यावर मी सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या. मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने क्लाउडवर ‘बकेट’, म्हणजे फाइली ठेवायची भाड्याची जागा, उघडून फाइली चढवल्या, यादी केली आणि लिंक आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. लोक फार खूश झाले. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या मुलींचे फोन आले, आमच्या वडिलांचा आवाज ऐकला म्हणून. आणि महिनाअखेरीस १३,३०० रुपयांचं बिल आलं. मुलगा म्हणतो, बंद करूया. बिलाची प्रत जोडली आहे. आमचं काय चुकलं?
– निवृत्त शिक्षक, कुडाळ तालुका

गुरुजी, बिलाची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. लोक नुसतं ‘बिल खूप आलं’ लिहितात आणि मी अंदाज बांधत बसते.

तुमच्या बिलात तीन ओळी आहेत. फाइली ठेवण्याचे साधारण १,४०० रुपये. ‘डेटा ट्रान्सफर आउट’चे, म्हणजे फाइली बाहेर पाठवण्याचे, जवळजवळ १०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे चारशे कॅसेटी सांभाळायला तेरा हजार लागलेलेच नाहीत, लागले चौदाशे, आणि तेवढं तर तुम्ही सुखाने सोसलं असतंत. पैसे गेले ते वाढण्यात. कोठारात धान्य ठेवायला भाडं थोडं असतं, पण तुम्ही कोठाराच्या दारातच पंगत बसवलीत, आणि दारातून जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर जकात होती.

आता ही पोती एवढी जड का झाली ते पाहू. तुमच्या फाइली वेव्ह प्रकारच्या आहेत, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ. उतरवून देणाऱ्याने काम चोख केलंय, मीही असंच करते. पण या प्रकारात एका मिनिटाला सव्वासतरा एमबी लागतात. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे दीड जीबीहून जास्त. तुमच्या यादीप्रमाणे महिन्यात सातशे वेळा कोणी ना कोणी फाइल डाउनलोड करून घेतली, म्हणजे ११०० जीबीच्या आसपास माल बाहेर गेला. मोठ्या कंपन्या भारतातल्या केंद्रातून बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे दहा रुपयांच्या आसपास घेतात. तुमच्याकडे पहिले १०० जीबी फुकट धरलेत, उरलेल्या हजाराचे झाले दहा हजार.

तीच कॅसेट १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये केली तर ८६ एमबी होते. सातशे वेळा डाउनलोड झाली तरी ६० जीबी. म्हणजे त्याच कंपनीत, त्याच बकेटमधून, तेवढ्याच लोकांनी ऐकलं असतं आणि वाढण्याचे पैसे शून्य आले असते. जत्रेतली कॅसेट आहे, समोर पेट्रोमॅक्सचा किंवा जनरेटरचा आवाज, मध्येच कोणीतरी खोकतंय. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला वेव्ह आणि एमपीथ्रीतला फरक कळणार नाही. मला कळेल, पण मी हेडफोन लावून बसणाऱ्यांतली आहे.

म्हणून दोन संच करा.

मूळ संच कोणालाही न दाखवता ठेवायचा. वेव्हचं फ्लॅक करून घ्या. त्यात आवाजाचा कणही जात नाही, हवं तेव्हा जसंच्या तसं वेव्ह परत मिळतं, आणि आकार साधारण निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत येतो. चारशे कॅसेटींचे तुमचे ६२० जीबी चारशे जीबीच्या आत-बाहेर येतील. हे एका हार्ड डिस्कवर तुमच्या घरी, दुसऱ्या हार्ड डिस्कवर मुलाकडे पुण्याला, आणि तिसरी प्रत क्लाउडच्या ‘थंड’ साठ्यात. अॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हसारख्या जागी एवढ्या मालाला महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास भाडं पडतं. मात्र तिथली फाइल मागितल्यावर लगेच मिळत नाही, बारा तास लागू शकतात. काढण्याचे पैसे वेगळे. आणि ठेवल्यावर १८० दिवसांच्या आत पुसली तरी १८० दिवसांचं भाडं लागतंच. त्यामुळे ती जागा तळघरातल्या पेटीसारखी वापरायची, रोज उघडझाप करायची नाही. नावं, तारखा, सगळं पक्कं झाल्यावरच तिथे टाका.

ऐकवायचा संच एमपीथ्रीचा. तो सगळा मिळून ३५ जीबी होतो. तो अशा ठिकाणी ठेवा जिथे बाहेर जाणाऱ्या मालावर जकात नाही. क्लाउडफ्लेअरची आर-टू ही सेवा तशी आहे. महिन्याला पहिले १० जीबी ठेवायला फुकट, पुढे जीबीला दीड सेंट, आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे नाहीत. तुमच्या संचाला महिन्याला चाळीस रुपयेही पडणार नाहीत. एक खाचखळगा आहे: बकेट उघडली की ते जो आयता पत्ता देतात तो फक्त चाचणीपुरता असतो, गर्दी झाली की अडवतात. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या आणि त्यावरून फाइली द्या. डोमेनला वर्षाला हजार-बाराशे रुपये लागतील.

मुलाला सांगून बजेट अलर्ट लावून घ्या. पण तो अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, नळ बंद करत नाही. पुष्कळांचा समज असतो की हजाराची मर्यादा घातली म्हणजे हजाराला थांबेल. तसं नसतं.

फाइलींच्या नावांबद्दलही लिहायचंय, कारण तुमच्या यादीतल्या लिंका मी उघडून पाहिल्या आणि दोन तुटल्या. तुम्ही नाटकाचं नाव, गाव, मंडळी, सगळं देवनागरीत फाइलच्या नावात घातलंय. मराठी शिक्षकाला ‘देवनागरी नको’ म्हणताना मलाच बरं वाटत नाही, पण वेबच्या पत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह नऊ खुणांचं होऊन बसतं. काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकाच्या वेगळ्या नऊ. ‘संकासूर’ एवढं लिहिलं की त्रेसष्ट खुणा. तो लांबच लांब शेपटीचा पत्ता व्हॉट्सॲपवर मध्येच तुटतो. फाइलचं नाव वर्ष, महिना आणि कॅसेटचा क्रमांक एवढंच ठेवा, इंग्रजी आकड्यांत. बाकी सगळं वैभव यादीत मांडा: नाटक कोणतं, कोणाची मंडळी, कुठल्या जत्रेला, राजा कोणी केला, स्त्रीपार्ट कोणाचा, हार्मोनियमवर कोण. आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, भरलेला आहे की थेट आख्यानापासून सुरुवात आहे तेही लिहा. बंधूंनी कॅसेटच्या पट्टीवर जे लिहिलं होतं त्याचा फोटो काढून ठेवा, अक्षरासकट.

शेवटी एक नाजूक गोष्ट. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. संवाद नट तिथल्या तिथे रचतो, त्यामुळे त्या रात्री तो जे बोलला ते फक्त तुमच्याच कॅसेटवर आहे. म्हणूनच हे मोलाचं. पण म्हणूनच ते त्या नटाचंही आहे. कायद्यात कलावंताचा स्वतःच्या प्रयोगावरचा हक्क पन्नास वर्षं टिकतो, आणि तुमच्या सगळ्या कॅसेटी त्या मुदतीत येतात. मंडळींच्या मालकांना, नटांच्या घरच्यांना विचारा. ज्या मुलींचे मुंबईहून फोन आले त्यांच्यापासूनच सुरुवात करा, त्या नाही म्हणणार नाहीत.

मॅडम, मी लग्नाचं शूटिंग करतो. फोर-केमध्ये एका लग्नाचं फुटेज ४०० जीबीपर्यंत जातं. रात्री क्लाउडवर अपलोड लावून झोपतो, सकाळी ७० टक्क्यांवर लटकलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून. नेट १०० एमबीपीएसचं आहे, तरी असं का? पार्टी रोज फोन करते.
– फोटोग्राफर, फलटण

आधी घरचा हिशेब तपासा. १०० एमबीपीएस हा उतरवण्याचा वेग आहे की चढवण्याचा? पुष्कळ प्लॅनमध्ये चढवण्याचा वेग बराच कमी असतो. स्पीड टेस्टमध्ये ‘अपलोड’चा आकडा पाहा. समजा तो ४० आला, तर ते मेगाबिट आहेत. आठाने भागा, सेकंदाला पाच एमबी. ४०० जीबीला त्या वेगाने बावीस तास लागतात. तुमची रात्र आठ तासांची. म्हणजे सकाळी अर्ध्याच्या पुढे गेलंय हेच नशीब. (गेल्या अंकात मी स्वतः एका ठिकाणी एमबी आणि मेगाबिटची गल्लत केली होती, तीन वाचकांनी कान धरला. त्यांचे आभार.)

दुसरं, ब्राउझरच्या खिडकीतून एवढं मोठं काम करू नका. लॅपटॉप झोपला, लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला की सगळं पाण्यात. आरक्लोन नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो मोठ्या फाइलचे तुकडे करून पाठवतो, एखादा तुकडा पडला तर तेवढाच पुन्हा पाठवतो, आणि मध्येच बंद पडून पुन्हा चालवला तर ज्या फाइली पूर्ण पोचल्यात त्या सोडून पुढच्या घेतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, दीड-दोन हजारांत येतो.

आरक्लोनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ असे दोन हुकूम आहेत. तुम्ही ‘कॉपी’च वापरा. ‘सिंक’ म्हणजे इथे जसं आहे तसंच तिथे करणं, आणि इथे नसेल ते तिथून पुसणं. मी एकदा बाहेरची डिस्क न जोडताच सिंक चालवलं. संगणकाच्या दृष्टीने फोल्डर रिकामं होतं. त्याने इमानेइतबारे क्लाउडवरचं फोल्डरही रिकामं केलं: तीन वर्षांच्या मुलाखती, २१२ फाइली. मी तेव्हा चहा करत होते. डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं, पण पुन्हा चढवायला चार दिवस गेले. त्या दिवसापासून मी आधी ‘ड्राय रन’ करते. त्यात तो काय काय करणार ते नुसतं सांगतो, करत नाही. शिवाय बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवते, म्हणजे पुसलेलं परत आणता येतं.

तुमच्या रोजच्या अर्धवट अपलोडांचा आणखी एक छुपा खर्च आहे. मोठी फाइल तुकड्यांनी चढत असताना मध्येच सुटली की आलेले तुकडे बकेटमध्ये पडून राहू शकतात. यादीत दिसत नाहीत, पण भाडं चालू. बकेटच्या नियमांत ‘अपूर्ण अपलोड सात दिवसांनी काढून टाका’ अशी सोय असते, ती लावा. एका ओळखीच्या एडिटरकडे असे तुकडे मोजले तर खऱ्या फाइलींहून जास्त निघाले.

आता पार्टीचं. त्यांना खरंच ४०० जीबी हवंय का? दोन तासांची फिल्म आणि निवडक फोटो क्लाउडवरून द्या, मुदतीची लिंक करून. अशा मुदतीच्या (‘साइन्ड’) लिंका बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त सात दिवस चालतात, ते पार्टीला आधीच व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, नाहीतर नवरीचे मामा नवव्या दिवशी फोन करतात. कच्चं फुटेज हवंच असेल तर हार्ड डिस्कवर द्या. फलटणहून पुण्याला एसटी तीन तासांत पोचते. ४०० जीबीची डिस्क घेऊन निघालेली ती लाल गाडी म्हणजे जवळजवळ ३०० एमबीपीएसची लाइन झाली. तुमच्या गावात एवढा वेग दुसरं कोण देणार? फक्त डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर पार्टीच्या मुलाच्या मॅकवर लिहिता येत नाही म्हणून पुन्हा फोन.

आमच्या मंडळाने गणपतीत बसवलेल्या नाटकाचा व्हिडिओ आम्ही स्वतःच्या साइटवर ठेवला आहे. दोन तासांचा, ११ जीबी. नागपूरला माझ्या आईच्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहतं. फाइल अमेरिकेत आहे म्हणून का? ती मुंबईला हलवावी का?
– एक वाचक, न्यू जर्सी

मुंबईला हलवून थोडा फरक पडेल, पण तुमचं दुखणं अंतराचं नाही. दोन तासांत ११ जीबी म्हणजे सेकंदाला बारा मेगाबिट सतत लागणार. आईच्या घरातल्या आतल्या खोलीत फोनला तेवढं येत नसेल. ७२० पीमध्ये दोन मेगाबिटला करा, १.८ जीबी होईल. नाटकाला पुरे, मागच्या पडद्याची सुरकुती दिसली नाही तरी चालतं.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांकडून राहते. एमपीफोर फाइलमध्ये कोणतं चित्र कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. एडिटिंग प्रोग्रॅम पुष्कळदा ती फाइलच्या शेवटी लिहितात. काही प्लेअर शेवटाकडे उडी मारून ती आणतात, काहींना ते जमत नाही आणि ते मुकाट्याने सगळी फाइल ओढत बसतात. तेच ते चक्र. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममधून फाइल काढताना ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकटीत खूण करा, म्हणजे अनुक्रमणिका पहिल्या पानावर येते. एफएफएमपेग हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात हेच काम ‘फास्टस्टार्ट’ करतं, आणि चित्राला हातही न लावता.

एवढं करून पाहा. तरी अडलं तर सीडीएन लावा, म्हणजे फाइलची प्रत आईच्या जवळच्या केंद्रावर जाऊन बसते. मूळ जागा बदलण्याचा खटाटोप त्यानंतरचा.

यूट्यूब फुकट असताना लोक हे सगळं का करतात?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी

पुष्कळदा करूच नये. फोन नंबर पडताळून घेतलेल्या खात्यावर यूट्यूब बारा तासांचा किंवा २५६ जीबीचा व्हिडिओसुद्धा घेतं, आणि पंगत वाढण्यात त्यांच्याशी बरोबरी कोण करणार! पण ते तुमची फाइल स्वतःच्या पद्धतीने दाबून लहान करतात. उद्या परत उतरवलीत तर तुम्ही दिली होती ती फाइल मिळत नाही. तेव्हा दाखवायला यूट्यूब जरूर, पण मूळ फाइल स्वतःकडे. माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येतं, ‘यूट्यूबवर आहे म्हणून डिस्क पुसली’ म्हणत.

आमच्या संस्थेच्या ३०० व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण एका परदेशी क्लाउड सेवेत आहे. दर महिन्याला ‘पेमेंट फेल’ असा मेल येतो. कार्डात पैसे आहेत. आमच्या खजिनदारांना वाटतं, ही फसवणूक आहे.
– एका वाचनालयाच्या कार्यवाह, मिरज

फसवणुकीचे मेलही येतात, म्हणून मेलमधल्या लिंकवर न जाता पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरा आणि पाहा. पण बहुधा मेल खरा असणार. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना नियम घातले. आधी ग्राहकाची परवानगी नोंदवलेली हवी, कापण्याआधी सूचना हवी, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी. ती रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२मध्ये १५,००० केली. काही परदेशी सेवा या पद्धतीत बसलेल्याच नाहीत, त्यामुळे बँक पैसे नाकारते आणि कार्डवाल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

माझं एक खातं असंच गोठलं होतं. तीन सूचना आल्या, तिन्ही स्पॅममध्ये. चौथी सापडली तेव्हा फाइली पुसायला सहा दिवस उरले होते. कोणाची तक्रार करणार, नियम सगळे पाळलेले!

तुम्ही दोन गोष्टी करा. शक्य असेल तर अशी सेवा घ्या जी भारतातून, रुपयांत, जीएसटीच्या पावतीसह बिल देते; संस्थेच्या हिशेबतपासनिसालाही ते सोयीचं. नाहीतर जिथे आगाऊ पैसे भरून ठेवता येतात तिथे वर्षाचे एकदम भरा. आणि खात्याचा ईमेल कोणा एकाचा खासगी ठेवू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की तो जुन्या कार्यवाहांचा आहे, आणि ते आता मुलाकडे बंगळुरूला असतात. संस्थेच्या नावाचा ईमेल काढा, तुमच्या आणि खजिनदारांच्या फोनवर उघडा, आणि ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो ते आजच्या आज बदलून घ्या. जुने कार्यवाह फोन उचलतात तोवर.